बंद रस्त्यापलीकडचे शिनाणे

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. पत्रलेखिका पस्तिशीची आहे. ती, तिचा नवरा आणि थोरले दीर असे तिघे मिळून दोन वर्षांपासून खाडीत शिनाण्यांची, म्हणजे दोरावर वाढवायच्या शिंपल्यांची, शेती करतात. ऑक्टोबरअखेर त्यांनी साठ दोर पाण्यात सोडले आणि मार्चच्या मध्यापासून काढणी सुरू झाली. भांडवलासाठी महिला बचत गटातून कर्ज काढलं आहे. शेतीपर्यंत गाडी जाईल असा एकच रस्ता आहे आणि तो खाजनाच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून केलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून जातो. गेल्या जुलैत बांधाची खाडीकडची कड खचली. तेव्हा दोन्ही टोकांना पिंपं लागली, 'रस्ता बंद, वाहनांस प्रवेश नाही' असा फलक लागला आणि नंतर तिकडे कोणी फिरकलंच नाही. बंद तुकडा साधारण चारशे मीटरचा आहे. हे तिघे पहाटे चारला पिंपं सारून पिकअप आत घेतात आणि उजाडायच्या आत माल बाहेर काढतात. दीर म्हणतात, रस्ता सरकारचा आहे, आपण पट्टी भरतो. नवरा म्हणतो, हंगामापुरतंच आहे. नात्यातले सरपंच तोंडी म्हणाले, चालवा, मी बघतो. बांधालगत शेती असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र एकदा वाट अडवून विचारलं, 'बांद फुटलो जाल्यार कोण येतलो?' (बांध फुटला तर कोण येणार?) त्या दिवसापासून ते या घराशी बोलत नाहीत. तिने विचारलं आहे: 'मावशी, रस्ता सार्वजनिक आहे, मग तो वापरणं चूक कसं? आणि चूक असेल तर आम्ही माल न्यायचा कसा?'

तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा मीही तुला अगंतुगंच करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातलं एक वाक्य तू घाईत लिहून गेली आहेस, पण मी तिथेच अडकले. 'परतताना कधी पिंपं लावतो, कधी राहून जातात.' बाकीचं नंतर बोलू. आधी हे राहून जाणं आजपासून बंद कर.

आमच्या घरातली गोष्ट आहे, आणि चूक आमचीच होती. माझ्या चुलतभावाने घरच्या लग्नाचं सामान आणायला एका खचलेल्या रस्त्यावरचे दगड रात्री बाजूला केले होते. टेम्पो गेला, आला, काही झालं नाही. दगड सकाळी लावू म्हणून तसेच ठेवले. पहाटे दूध घालणारा एक तरुण स्कूटरवरून आला. रस्ता मोकळा दिसला, म्हणून त्याला वाटलं की दुरुस्त झाला. तो खड्ड्यात गेला आणि मांडीचं हाड मोडून तीन महिने घरी बसला. आम्ही त्याचा दवाखान्याचा खर्च दिला. पण त्याच्या आईने आमच्या दारात उभं राहून 'दगड कोणी काढले?' असं विचारलं, तेव्हा माझे काका जसे खाली मान घालून बसले, ते मला अजून दिसतं. रस्ता कुठे खचलाय, कोणत्या कडेने चाक घालायचं, हे तुमच्या पिकअपला ठाऊक आहे. मागून येणाऱ्याला ती पिंपंच काय ते सांगतात.

आता तुझा प्रश्न. रस्ता सार्वजनिक आहे, मग वापरणं चूक कसं, असं तू विचारतेस. यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या सोडवून बघू.

रस्ता सार्वजनिक असणं आणि तो आज वाहनांना खुला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल तुझे दीर बरोबर बोलतात. एकदा सार्वजनिक झालेला रस्ता सार्वजनिकच राहतो, हे तत्त्व आपल्याकडच्या न्यायालयांनी मानलेलं आहे. खात्याने डांबर घालणं सोडलं, गवत वाढलं, चार महिने कोणी गेलं नाही, एवढ्याने लोकांचा हक्क संपत नाही. तेव्हा 'आता वापरला नाही तर रस्ता हातचा जाईल' अशी भीती दिरांना असेल, तर ती मनातून काढायला सांग. या हंगामात गाडी नेली नाही म्हणून रस्ता कोणाच्या घशात जाणार नाही.

दुसऱ्या गोष्टीचं तसं नाही. सार्वजनिक रस्त्यावर काही काळ वाहनं थांबवायचा अधिकार सरकारला आहे, आणि तो आपल्याच जिवासाठी दिलेला आहे. म्हणून आपल्याला वापरता येईल का, हे विचारण्याआधी मी तुझ्या जागी असते तर विचारलं असतं: हा रस्ता बंद कोणी केला, कशाच्या आधाराने आणि किती दिवसांसाठी? पत्रात यातलं काहीच नाही. फलकाखाली कोणत्या खात्याचं नाव आहे, तेही तू लिहिलेलं नाहीस. गावात एखादा फलक उभा राहतो, वर्षभर आपण त्याच्या बाजूने जातो, पण त्यामागचा कागद मागायला कोणी जात नाही. तुमचं सगळं त्या कागदावर ठरणार आहे.

रस्ता अशा रीतीने बंद होण्याच्या वाटा थोड्याच आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली वाहनांना बंदी घालता येते. ती एक महिन्याहून जास्त चालवायची असेल, तर राजपत्रात अधिसूचना लागते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली जिल्हा प्राधिकरण धोक्याच्या जागेतली वाहतूक रोखू शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे, म्हणजे आपल्या तोंडी बसलेलं जुनं १४४. त्याखालचा आदेश दोन महिन्यांवर चालत नाही, राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिन्यांपर्यंत जातो. आणि चौथी वाट आपल्याकडे फार दिसते: आदेश कसलाच नसतो, कनिष्ठ अभियंत्याने पाहणी केली, धोका दिसला, पिंपं ठेवली आणि कागद पुढे सरकलाच नाही.

तुमचा रस्ता यातला कोणता, ते मला इथे बसून सांगता येणार नाही. आदेश जिवंत असेल तर तो मोडणं हा गुन्हा ठरू शकतो. लोकसेवकाने रीतसर काढलेला आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम २२३ आहे, पूर्वी ते १८८ होतं. आदेश मुदत संपून मेला असेल किंवा मुळात निघालाच नसेल, तर तुमच्या हातात मोठं बळ येतं. पण ते बळ दुरुस्ती मागण्याचं आहे. कागद नसला म्हणून खचलेली कड भरून येत नाही.

कागद मिळवायला एक सकाळ लागेल. आधी पंचायतीत सचिवांकडे जा, मग साबांखाच्या, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, उपविभागात. 'बंदीच्या आदेशाची प्रत द्या' असा साधा अर्ज लिही आणि आवक शिक्का मारलेली प्रत घरी आण. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात अर्ज घाल. १० रुपये फी आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच अर्जात आणखी दोन गोष्टी माग: पाहणीचा अहवाल असेल तर तो, आणि दुरुस्तीचा अंदाजपत्रक प्रस्ताव कुठवर आला आहे ते. आज मार्च संपत आलाय. ३० दिवस म्हणजे एप्रिलअखेर. पाऊस जूनमध्ये येतो आणि बांधाचं काम कोरड्यातच करावं लागतं, म्हणून हा अर्ज पुढच्या आठवड्यावर टाकू नकोस.

सरपंचांच्या 'मी बघतो' बद्दल थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. नात्यातल्या माणसाने प्रेमाने म्हटलं असेल. पण बंदी जर साबांखाने किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी घातली असेल, तर ती सैल करणं सरपंचांच्या हातात नाही. गाडी कलंडली, आत तुझा नवरा असला, तर पोलिसांचा आणि विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच येणार की बंद रस्त्यावर गाडी का घातली. त्या वेळी तोंडी शब्द कुठे दाखवणार? सरपंचांना खरंच मदत करायची असेल, तर त्यांच्या हातात मोठी गोष्ट आहे. ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव घेता येतो आणि तो पंचायतीच्या पत्रासह खात्याकडे पाठवता येतो. त्यांच्याकडे ते माग.

आता बांधाकडे येऊ. मला वाटतं तुमच्या घरात या गोष्टीवर नीट बोलणंच झालेलं नाही. तुम्ही तिघे त्याला रस्ता म्हणता. ते म्हातारे गृहस्थ त्याला बांद म्हणतात.

खाजनाचा बांध कसा असतो, ते तू लहानपणापासून पाहिलं असशील. आत चिकणमाती, त्यात पेंढा आणि फांद्यांचा भराव, खाडीच्या अंगाला चिऱ्याची फरसबंदी, मध्ये कुठेतरी मानस, म्हणजे पाणी आतबाहेर सोडणारी दारांची मोरी. भरती आली की मानशीची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं. शेकडो वर्षं लोकांनी हेच राखलं, म्हणून समुद्रसपाटीच्या खालच्या जमिनीत कोरगुटासारखं भात पिकलं. पण या बांधाची रचना माणसाच्या पायासाठी आणि फार तर बैलासाठी आहे. वर डांबर नंतर आलं. पिकअपचं वजन टनांत मोजावं लागतं. खेकड्यांनी आतून बिळं केलेली, पाण्याने एका बाजूची माती धुतलेली आणि वरून चाकाचा दाब, तोही खचलेली कड टाळायची म्हणून दर वेळी त्याच एका चाकोरीतून. वरचं डांबर धड दिसतं आणि खालून पोकळ होत जातं. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथूनच पाणी फोडतं.

बांध फुटला तर आत खारं पाणी शिरेल, त्या गृहस्थांचं शेत जाईल. मीठ धुऊन निघायला पावसाळे जातात. आणि तुमचं काय? शिनाणा पाणी गाळून जगतो, पाण्यात जे येईल ते त्याच्या अंगातून जातं. फुटलेल्या बांधातून प्रत्येक ओहोटीला खाजनातला गाळ, शेतातली खतं आणि औषधं थेट तुमच्या दोरांवर येणार. गाळ बसला की शिनाणे गुदमरतात. जे जगतील ते विकताना तुलाच धास्ती वाटेल, कारण शिंपल्यांतून बाधलेल्या एका माणसाची बातमी आख्ख्या खाडीचा बाजार बसवते. त्या बांधावर त्यांच्याइतकाच तुमचाही हंगाम उभा आहे. 'कोण येतलो?' हे त्यांनी रागाने विचारलं असेल, पण प्रश्न तुमच्या भल्याचाही आहे.

दिरांनी दोन टिपर चिऱ्याची माती आणून खड्डा स्वतःच भरायचं ठरवलंय, असं तू पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस. हे कृपा करून थांबव. त्यांचा हेतू चांगला आहे, वाट बघून माणूस कंटाळतो, हे मला कळतं. पण भरलेला टिपर त्या बांधावर चढवणं हेच मोठं संकट आहे. वर सैल माती टाकली की पहिल्या पावसात ती खाडीत जाईल, म्हणजे पुन्हा तुमच्याच दोरांवर. शिवाय खाजन किनारी नियमन क्षेत्रात येतं. २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी आणि तिथल्या खारफुटीसाठी वेगळी तरतूदच आहे. नगर नियोजन कायद्याचं कलम १७-अ सखल जमीन परवानगीशिवाय भरायला मनाई करतं. उद्या कोणी तक्रार केली तर खचलेल्या बांधाचं खापरही तुमच्याच डोक्यावर फुटेल. बांध दुरुस्तीचं काम ज्यांचं आहे त्यांच्याकडून करून घ्यायचं. गावात कुळ संघटना असेल तर ती, कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेची) जमीन असेल तर कोमुनिदाद, आणि कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग. रस्त्याचं डांबर साबांखाचं आणि खालचा बांध दुसऱ्याचा, अशी दुहेरी मालकी असली की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून अर्ज दोघांना एकाच दिवशी दे, आणि प्रत्येकात दुसऱ्याला प्रत पाठवल्याचं लिही.

हे सगळं ठीक, पण उद्या सकाळचा माल?

तू दिलेले आकडे घेऊन मी बसले. तुझा खरेदीदार आठवड्यातून दोनदा येतो आणि एका वेळी ७०-८० किलो नेतो. म्हणजे एका दिवशी बांधावरून न्यायचा माल ८० किलो आहे. ८० किलोंसाठी तुम्ही एवढी जड गाडी त्या चारशे मीटरांवर घालता! दोन रबरी चाकांच्या हातगाडीच्या दोन खेपा झाल्या की तेवढा माल पलीकडे जातो. पिकअप पिंपांच्या अलीकडे, पक्क्या जमिनीवर उभी राहील. गोणपाट ओलं करून माल त्यात बांधला, सावलीत ठेवला, तर अर्धा तास जास्त गेल्याने शिनाण्यांना काही होत नाही. पाण्याबाहेर ते त्याहून कितीतरी जास्त तास तग धरतात. उन्हात तापलेल्या पिकअपच्या पत्र्यावर मात्र धरत नाहीत.

फलकावर 'वाहनांस' असं लिहिलंय असं तू म्हणतेस. तसं असेल तर चालणाऱ्याला बंदी नाही. तरी हातगाडीबद्दल खात्याला दोन ओळी लिहून विचार, आणि खचलेल्या कडेपासून आतल्या, शेताच्या बाजूने चाल. पाहणी अहवालात पायी जाणंही धोक्याचं लिहिलेलं असेल, तर तेही सोडायचं.

दुसरी वाट खाडीचीच आहे. दोर काढायला तुमच्याकडे होडी आहेच. जवळच्या धक्क्यावर किंवा फेरीबोटीच्या बंदरावर होडी लावून माल चढवता येतो का, ते एका दिवशी करून बघा. बांबू, खांब, नवे दोर असलं जड सामान तर होडीनेच न्यावं. खरेदीदारालाही विचार की तो धक्क्यावर येईल का. त्याला माल ताजा हवा आहे, बांधाशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता एक गोष्ट विचारते, पण तुला दुखवायला नाही. पहाटे चारलाच का जाता? तू लिहितेस, सुकती (ओहोटीने उतरलेलं पाणी) तेव्हा असते म्हणून. काही दिवस असतेही. आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीचा अंदाज काढतात. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणून सुकती पहाटे आणि संध्याकाळी. पण रोज ती वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास सुकती ऐन दुपारी येते. त्या दिवसांत भांग असते, पाणी फार ओसरत नाही, हे खरं. पण तुमचे शिनाणे खडकावरचे नाहीत, दोरावरचे आहेत. होडीतून दोर उचलायला पाणी कमरेखाली असलंच पाहिजे असं काही नाही. मग दर वेळी चारच का? मला वाटतं, काळोख तुम्हाला सुकतीसाठी नको आहे. कोणी बघू नये म्हणून हवा आहे. तुलाही हे कुठेतरी कळलेलं असणार, नाहीतर हे पत्र तू लिहिलं नसतंस. जे काम उजेडात, चार माणसांदेखत करता येईल असं वाटतं, त्याबद्दल कोणी मावशीला विचारत नाही.

आणि काळोखात जाण्याने तुमचंच नुकसान होतं. खात्याकडे अर्ज घेऊन जाल तेव्हा समोरचा अधिकारी म्हणेल, तुम्ही तर जाताच, मग अडचण कसली? एका बाजूने पिंपं सारायची आणि दुसऱ्या बाजूने सवलत मागायची, हे एकत्र चालत नाही.

सवलत मागता येते, हे मात्र सांगते. अर्जात मोघम 'रस्ता खुला करा' लिहू नकोस. हंगाम मार्च ते मे, आठवड्यातून दोन दिवस, दिवसाउजेडी, अमुक किलोपर्यंत, हातगाडी किंवा दुचाकी, खचलेल्या भागाच्या आतल्या बाजूने, असं नेमकं लिही. उधाणाच्या दिवसांत आणि पाऊस पडला तर जाणार नाही, हेही तूच लिही. अभियंत्याला 'हो' म्हणायला आधार मिळतो तो अशा अर्जाने. सोबत खचलेल्या जागेचे फोटो जोड, रोज त्याच जागेवरून काढलेले, म्हणजे खचणं वाढतंय की थांबलंय ते दिसेल. बचत गटाच्या बायकांच्या सह्या घे. त्यांचाही पैसा या दोरांत आहे. तुमच्यासारखे आणखी कोणी तिसऱ्या काढायला, मानशीवर मासे धरायला त्या वाटेने जात असतील, तर त्यांच्याही घे.

इथे थोडं थांबून बाकीच्या वाचकांशी बोलते, कारण वाट अडल्याची पत्रं मला बरीच येतात आणि सगळ्यांची गोष्ट हिच्यासारखी नसते. काहींच्या वाटेवर खात्याची पिंपं नसतात, शेजाऱ्याने किंवा नव्या जमीनमालकाने घातलेलं फाटक असतं. तुमचं तसं असेल तर आधी भूमापन नकाशाची प्रत काढा. रस्ता नकाशात सार्वजनिक दाखवलेला असेल, तर पंचायतीकडे अडथळा हटवण्याची मागणी करा. ती वाट खाजगी जमिनीतून जाणारी वहिवाटीची असेल, तर गोव्यात मामलेदार न्यायालय कायदा, १९६६ आहे. वाट अडवल्याची तक्रार मामलेदारांकडे नेता येते, आणि ती जितकी लवकर न्याल तितकी बरी. वहिवाटीचा हक्क सांगायला २० वर्षांचा अखंड, उघड, शांतपणे केलेला वापर दाखवावा लागतो, सरकारी जमिनीवर ३० वर्षांचा. 'उघड' हा शब्द लक्षात ठेवा. आणि कोणी अडवल्यावर वर्षभर गप्प बसलात, तर ते तुम्ही मान्य केलं असं धरलं जाऊ शकतं. फाटक तोडायला मात्र जाऊ नका. खरा हक्क असलेली माणसं फाटक तोडून आरोपी झालेली मी पाहिली आहेत.

आता परत तुझ्याकडे. तुझ्या सासूबाईंना त्या गृहस्थांच्या अबोल्याचं फार लागलंय, असं तू लिहितेस. चाळीस वर्षांचा शेजार, चवथीला एकमेकांकडे जाणं-येणं, आणि आता ते समोरून आले तरी बघत नाहीत. मला या सगळ्या पत्रात त्याचंच जास्त वाईट वाटलं. कर्ज फिटेल, एका हंगामाचं नुकसान दुसऱ्या हंगामात भरून निघेल.

त्यांच्याकडे जा. नवऱ्याला किंवा दिराला पाठवू नकोस, तू आणि सासूबाई जा. काही समजवायला जाऊ नका. गाडी आजपासून बांधावर नेणार नाही एवढं सांगा, आणि मग त्यांना विचारा की पाणी कुठे झिरपतंय. चाळीस पावसाळे ज्याने तो बांध राखलाय, त्याला भरतीला कुठे बुडबुडे येतात, कुठे खेकड्यांनी पोखरलंय, मानशीची कोणती फळी कुजलीय, हे अभियंत्याच्या पाहणीपेक्षा जास्त ठाऊक असतं. ते सांगतील ते लिहून घे. शक्य असलं तर त्यांच्याबरोबर सुकतीला बांधाच्या खाडीकडच्या अंगाने चालत जा आणि दाखवतील त्या जागांचे फोटो काढ. तुझ्या अर्जाला तेच जोडायचं आहे, आणि अर्जावर पहिली सही त्यांची घे. शेतकरी आणि शिनाणेवाले एकमेकांविरुद्ध भांडत आले की खात्याला काही न करायला निमित्त मिळतं. दोघांनी मिळून एकच कागद टेबलावर ठेवला तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

ते कदाचित पहिल्यांदा बोलणार नाहीत. अंगणात उभं करून परत पाठवतील. तरी आठ दिवसांनी पुन्हा जा, पण तोवर गाडी खरोखर बंद झालेली असू दे. आपल्या शेताशेजारून पहाटे गाडी जाते की नाही, हे त्यांना झोपेतही कळतं.

दिरांचं म्हणणंही टाकून देऊ नकोस. पट्टी भरतो, मग रस्ता आठ-नऊ महिने असा का पडून आहे, हा त्यांचा संताप रास्त आहे. तो पिंपं सारण्यात घालवण्यापेक्षा ग्रामसभेत उभं राहून विचारण्यात घालवा, असं त्यांना सांग. बोलायला ते भीत नाहीत, हे तुझ्या पत्रावरून दिसतंच. आदेशाची प्रत हातात घेऊन, तारखा वाचून दाखवून बोलले तर सगळं गाव ऐकेल.

पत्र मिळाल्या दिवशी संध्याकाळी बांधावर जाऊन ये. दोन्ही टोकांची पिंपं जागेवर आहेत का बघ. त्यांच्यावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढ, म्हणजे रात्री दुचाकीच्या दिव्यात लांबून दिसतील. फलकावर कोणत्या खात्याचं नाव आहे, खाली क्रमांक किंवा तारीख आहे का, ते लिहून घे आणि मला कळव.